खरवस, घडी आणि थरथर

गाय व्यायली की दुसऱ्या दिवशी अणदूरच्या आमच्या घरी खरवस होतो. पहिल्या धारेचा चीक दाट, पिवळसर, बोटाला चिकटणारा. आई त्यात दूध घालते, चिरलेला गूळ विरघळवते, वेलदोडा-जायफळ टाकते आणि डबा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वीसेक मिनिटं वाफवते. झाकण उघडल्यावर आधी ती डबा हलकेच हलवून बघते. मधला भाग हिंदकळला तर अजून कच्चा आहे. नुसता थरथरला तर झाला. मग सुरी. लहानपणी मी एकदा गार झालेली वडी दुधात कुस्करून रात्रभर ठेवली होती, तिचा परत चीक होतो का ते पाहायला. सकाळी चुरा तळाशी बसलेला होता, वर दूध तसंच. चीक परत का होत नाही, हे कळायला मला पुढं प्रथिनांबद्दल पुष्कळ वाचावं लागलं. एवढं वाचल्यावर मला वाटतं की आईची ती कसोटी, वडी हिंदकळते की थरथरते, प्रथिनांच्या टिकाऊपणाच्या सगळ्या प्रश्नाच्या फार जवळ जाते.

चिकात आणि दुधात फरक आहे तो प्रथिनांचा. पहिल्या धारेच्या चिकात प्रथिनं साधारण १४ टक्के असतात, गाईच्या रोजच्या दुधात सव्वातीनच्या आसपास. प्रमाण वेगळं आणि जातही वेगळी. दुधातल्या प्रथिनांचे पाचातले चार भाग केसीनचे. चिकात मात्र वासराला रोगराईपासून सांभाळणाऱ्या प्रतिपिंडांचा आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारख्या प्रथिनांचा भरणा असतो. केसीनला स्वतःची अशी पक्की घडी नसते. त्याची माळ सैल, विस्कटलेलीच असते. म्हणून भूम-कुंथलगिरीकडं खव्याच्या भट्टीवर दूध आटत राहतं, दाट होतं, पण त्याचा खरवस होत नाही. मुळात घडीच नाही तर मोडणार काय? बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचं उलट आहे. १६२ अमिनो आम्लांची ती माळ वळून पेल्यासारखा आकार घेते आणि गंधकाचा एक मोकळा हात आत लपवून ठेवते. ७०-८० अंशांच्या दरम्यान पेला उलगडतो, तो हात बाहेर येतो आणि शेजारच्या रेणूतल्या गंधकाच्या दुव्याला जाऊन भिडतो. दुव्यातून दुवा होत जाळं विणलं जातं. खरवस म्हणजे हे जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. शेजाऱ्याशी एकदा गाठ बसली की एकट्यानं आपली घडी परत घालायला जागाच उरत नाही.

पण गर्दी नसेल, रेणू विरळ असतील, तर प्रथिन परत घडी घालतं. अमेरिकेत ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज घेऊन हे दाखवलं. १२४ अमिनो आम्लं, गंधकाचे ८ हात, त्यांचे ४ दुवे. यूरिया घालून आणि दुवे तोडून त्यांनी ते पूर्ण उलगडलं. ८ हातांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. यूरिया काढून घेतल्यावर रेणूनं त्यातली नेमकी खरी एक निवडली आणि तो परत कामाला लागला. त्यांना १९७२ साली नोबेल मिळालं. घडीचा सगळा नकाशा माळेतच लिहिलेला असतो, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता आकार. प्रथिनाच्या माळेला दर अमिनो आम्लामागं वळायला मुख्यतः दोनच कोन मोकळे असतात. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक साधा प्रश्न विचारला: अणू एकमेकांवर आदळू न देता हे दोन कोन किती किती फिरू शकतात? उत्तर एका चौकोनी आलेखात मावलं, आणि त्या आलेखातला बहुतेक भाग बंदच निघाला. उरलेल्या थोड्याशा मोकळ्या जागेतच पॉलिंग यांचं १९५१ सालचं मळसूत्र बसतं, ज्याच्या एका फेऱ्यात ३.६ अमिनो आम्लं येतात, आणि पट्ट्यांचे थरही बसतात. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नवीन प्रथिनाची रचना तपासताना आजही आधी रामचंद्रन आलेख काढतात. भूमितीनं घडीवर घातलेली ही पहिली मर्यादा. दुसरी मर्यादा पाणी घालतं. तेलकट अमिनो आम्लं पाण्याला टाळून आत दाटीनं बसतात, आणि आतली भरण इतकी घट्ट असते की फारशी फट राहत नाही.

एवढी नेटकी बांधणी बघून वाटतं की हा रेणू फार मजबूत असणार. तसं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथंच आहे. कार्बनचा कार्बनशी असलेला एक दुवा तोडायला मोलमागं ८० किलोकॅलरींहून जास्त लागतात. शेकडो अमिनो आम्लांचं अख्खं प्रथिन मात्र घडीत टिकतं ते साधारण ५ ते १५ किलोकॅलरींच्या फरकानं. घडीमुळं मिळणारा फायदा प्रचंड, माळेचं स्वातंत्र्य गमावण्याचा तोटाही प्रचंड, आणि वजाबाकी करून हातात उरतं ते इतकंच.

ही वजाबाकी समजायला अणदूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. आमचा खंडोबा एक आणि देवळं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव हलवताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. देव एका वेळी एकाच ठिकाणी. प्रथिनाचंही असंच आहे: एकच रेणू कधी घडीत, कधी उलगडलेला, आणि कुठं किती काळ राहायचं याचा करार ऊर्जेनं लिहिलेला. देवाची आठवण मी इथं भक्तिभावानंच, पण हिशोबापुरती काढतो आहे. सव्वादहाला पावणेदोन म्हणजे जवळपास सहास एक. एखाद्या प्रथिनानं आपला काळ या प्रमाणात वाटला तर त्याची स्थिरता भरेल मोलमागं जेमतेम १ किलोकॅलरी. म्हणजे ते प्रथिन फार हळवं. ५ किलोकॅलरीवालं प्रथिन वर्षातले दोन तास मैलारपुरात असेल, १० वालं दीड सेकंद. पण जाईल नक्की. कुठलंच प्रथिन कायमचं घडीत बसून नसतं.

या हिशोबात एक गोष्ट सुटते: वाट. पालखी एका देवळातून दुसऱ्या देवळात एका क्षणात पोचत नाही, आणि प्रथिनही नाही. यावरचं फार मोलाचं काम आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले जयंत उदगावकर, जे पुढं पुण्याच्या आयसरचे संचालक झाले, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जी. कृष्णमूर्ती यांच्या गटांनी बारस्टार या ८९ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनावर काम केलं. प्रथिनाच्या आत दोन ठिकाणी खुणा ठेवायच्या, त्यांतली एक चमकणारी, आणि त्या चमकेच्या आयुष्यावरून दोन्ही खुणांमधलं अंतर मोजायचं, अशी पद्धत. २००१ साली त्यांनी दाखवलं की बारस्टारची घडी कडी काढल्यासारखी एकदम उघडत नाही, ती हळूहळू सैल होत जाते. २००९ साली संतोष कुमार झा आणि उदगावकर यांनी मोनेलिनवर, म्हणजे एका आफ्रिकी फळातल्या अतिगोड प्रथिनावर, आणखी पुढचं पाऊल टाकलं. उलगडताना आधी आतल्या बाजूच्या साखळ्या मोकळ्या होतात, प्रथिन किंचित फुगतं, पण पाणी अजून आत शिरलेलं नसतं. कोरडी, सैल, अर्धवट वितळलेली अशी ही अवस्था. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. आकार बराचसा शाबूत असताना आतलं हलणं मोकळं झालेलं असतं. म्हणजे घडी मोडायची सुरुवात आकारात होत नाही, हलण्यात होते.

हे हलणं म्हणजे नेमकं काय? अणूंमधले दुवे स्प्रिंगांसारखे सतत ताणतात-आखडतात. माळेच्या कण्यातल्या कार्बन-ऑक्सिजन जोडीचं कंपन सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा होतं. पण ही जलद कंपनं स्थिरतेच्या हिशोबात फारशी येत नाहीत. शरीराच्या तापमानाची उष्णता त्यांना जागवायला अपुरी पडते, आणि घडीत किंवा घडीबाहेर ती जवळजवळ तशीच राहतात. महत्त्वाची असतात ती संथ कंपनं, सेकंदाला लाख कोटी वेळा किंवा त्याहून कमी, ज्यांत प्रथिनाचा एक अख्खा भाग दुसऱ्यापासून दाराच्या फळीसारखा उघडझाप करतो. अशी कंपनं मऊ असतात, त्यांचा पल्ला मोठा असतो, आणि एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूला मिळणाऱ्या मोकळिकीचा, मोठा वाटा त्यांच्याकडं असतो. १९७७ साली मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी संगणकावर पहिल्यांदा एका प्रथिनाची हालचाल मांडली. तेही गाईचंच, ५८ अमिनो आम्लांचं. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या नऊपट इतकाच काळ त्यांना पाहता आला, पण प्रथिनाचा आतला भाग दगड नाही, तो द्रवासारखा हलतो, हे त्यातून दिसलं. १९९६ साली मोनिक टिरियन यांनी धाडसी सोपेपणा केला. अणूंची जात विसरायची, जवळजवळच्या अणूंना एकसारख्या स्प्रिंगा जोडायच्या आणि ते जाळं कसं थरथरतं ते बघायचं. संथ कंपनं बऱ्यापैकी बरोबर आली. म्हणजे मोठी थरथर रसायनावर कमी आणि आकारावर जास्त ठरते: कोण कुणाच्या शेजारी बसलं आहे यावर.

आमच्या जिल्ह्याला थरथर आणि टिकणं यांचा संबंध शिकवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला आणि हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. भिंती हातभर नव्हे, त्याहून जाड होत्या, वर मातीचं जड माळवद होतं. त्या भिंतींना लवताच येत नव्हतं. पुष्कळ घरांत भिंत ढासळली तरी आतल्या लाकडी खणांचा सांगाडा उभा होता, कारण त्याच्या सांध्यांना थोडं हलता येत होतं. मजबूत म्हणजे जाड आणि गच्च, ही समजूत आम्ही त्या पहाटे गमावली.

प्रथिनांच्या बाबतीत हाच प्रश्न गणितात फार सुंदर मांडला गेला आहे. साधा घन पदार्थ घेतला तर संथ कंपनांची संख्या वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढते, कारण तो तीन मितींचा असतो. प्रथिनाचं जाळं पाहिलं तर ही वाढ बरीच मंद, जणू ते दोन मितींहूनही कमी जागेत थरथरतंय. याला कंपनांची मिती म्हणू. वस्तुमान जागा कसं भरतं त्याची मिती वेगळी; ती अडीचच्या आसपास येते, म्हणजे प्रथिन ठोकळ्यासारखं भरीव नाही, त्यात पोकळ्या आणि दऱ्या आहेत. पायर्ल्स आणि लांडाऊ या भौतिकशास्त्रज्ञांनी पूर्वीच दाखवलं होतं की कंपनांची मिती दोनच्या खाली असेल तर वस्तू जितकी मोठी तितकी तिची डगमग वाढते आणि एका आकारापलीकडं ती टिकत नाही. मग शेकडो अमिनो आम्लांची प्रथिनं टिकतात कशी? २००८ साली रुवेनी, ग्रानेक आणि क्लाफ्टर यांनी म्हटलं की भरावाची मिती, कंपनांची मिती आणि माळेची लांबी या तिघांत एक नातं आहे, आणि खरी प्रथिनं त्या नात्यात उलगडण्याच्या अगदी काठावर येऊन थांबतात. पुढं हजारो रचनांवर ते तपासलं गेलं. प्रथिन काठावर असतं ते काही चुकून नव्हे: जेवढं हलावं लागतं तेवढं हलता येईल आणि तरी घडी मोडणार नाही, असा हा काठ आहे. मला या सगळ्या वाचनात सगळ्यात पटलेलं हेच आहे.

तरी एक सावधगिरी. या नात्यावरून प्रथिन किती लवचिक आहे ते चांगलं कळतं. एका विशिष्ट प्रथिनाची स्थिरता किती, ते तितकंसं कळत नाही. कारण स्थिरता ही दोन देवळांमधली वजाबाकी आहे आणि कंपनांचं गणित मुख्यतः एकाच देवळाचं आहे. उलगडलेल्या अवस्थेत माळ काय करते, पाणी काय करतं, हे त्यात येत नाही. रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीला २०२४ च्या नोबेलात मान मिळाला, तो रास्तच आहे, पण अल्फाफोल्ड आकार सांगतो, करारातला काळ नाही. त्या काळासाठी मोजणीच लागते. २०२३ साली त्सुबोयामा आणि सहकाऱ्यांनी छोट्या प्रथिनांची आणि त्यांत एकेक अमिनो आम्ल बदलून केलेल्या रूपांची मिळून सुमारे ७ लाख ७६ हजार स्थिरता-मोजमापं प्रसिद्ध केली. या प्रश्नाची पुढची उत्तरं अशा कामातून येतील असं मला वाटतं.

ताठपणा वाढला की स्थिरता वाढते, ही कल्पना आणखी दोन ठिकाणी अडखळली. २००४ साली न्यूट्रॉन सोडून एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, कंपनं मोजली गेली, मेथोट्रेक्सेट हे औषध त्याला चिकटण्याआधी आणि नंतर. औषध चिकटल्यावर तो ताठ होईल अशी अपेक्षा, झाला मऊ. संथ कंपनं वाढली, आणि त्या वाढलेल्या मोकळिकीनं बांधणीला मदतच केली. दुसरं उदाहरण गरम पाण्यातल्या जिवाणूंचं. आपल्या मराठवाड्यातच उनकेश्वरला गरम झरे आहेत. जगात याहून कितीतरी तापलेल्या, उकळीच्या घरातल्या पाण्यातही जीव राहतात. त्यांची प्रथिनं बहुधा जास्त घट्ट असतात, विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या जास्त, बाहेरची वेटोळी आखूड. १९९८ साली झावोद्स्की यांच्या गटाला दिसलं की उष्णताप्रिय आणि साध्या जिवाणूचा तोच विकर आपापल्या कामाच्या तापमानाला जवळजवळ सारखाच लवचिक असतो. गणित छान जमलं, असं वाटेपर्यंत २००० साली उकळत्या पाण्यात राहणाऱ्या एका जिवाच्या रुब्रेडॉक्सिनवर मोजणी झाली: अत्यंत टिकाऊ प्रथिन, आणि साध्या तापमानालाही भरपूर हलणारं. म्हणजे एकच नियम नाही. कुठलं हलणं, किती वेळात, प्रथिनाच्या कुठल्या भागात, हे विचारल्याशिवाय लवचिकता हा शब्द मोघम राहतो.

आणि हे सगळं अणदुरात का महत्त्वाचं? मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी आणखी. हॅलो मेडिकल फाउंडेशननं अणदूरहून भारतवैद्य महिलांना शिकवून आजूबाजूच्या गावांत आरोग्यसेवा पोचवली. त्या गावांत लोडशेडिंग असतं, सगळ्यांकडं फ्रिज नसतो, आणि औषधाच्या बाटलीत असतं ते प्रथिन. इन्सुलिन घ्या. ५१ अमिनो आम्लं, गंधकाचे ३ दुवे. बाटलीत त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन बसतात, आणि या गटात असतात तोवर सुरक्षित असतात. सुटे झाले, वर उष्णता आणि हादरे मिळाले, की त्यांचे तंतू होतात आणि तंतूंचा काही उपयोग नसतो. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ साली केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतलं तापमान प्रयोगशाळेत उभं करून पाहिलं: २५ ते ३७ अंशांत चढउतार होत राहिले तरी चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली. ओल्या मातीच्या मडक्यात बाटली ठेवणाऱ्या आमच्याकडच्या घरांना हा मोठा आधार आहे. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीला तो लागू नाही. आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला तर मुळीच नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. काही प्रथिनं बर्फ होण्याआधी नुसत्या गारठ्यानंही उलगडतात; तेलकट भागांना आत ढकलणारा पाण्याचा जोर थंडीत कमी पडतो.

सर्पदंशावरच्या औषधात थरथर आणि टिकणं यांचं नातं आणखी स्पष्ट दिसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्धचं औषध म्हणजे घोड्याच्या रक्तातले प्रतिपिंड. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते वर्षानुवर्षं बनत आलं आहे. गोठवून वाळवलेलं पांढरं चूर्ण म्हणून ते खेड्यातल्या कपाटात फ्रिजशिवाय राहू शकतं. पाणी काढून घेतलं की प्रथिनाच्या मोठ्या हालचाली थिजतात. साखरेसारख्या पदार्थांबरोबर वाळवलं तर ते काचेत अडकल्यासारखं होतं. पण काच कडक असणं पुरेसं नाही. मार्कस सिसेरोनी आणि सहकाऱ्यांनी ट्रेहॅलोज साखरेच्या काचेत किंचित ग्लिसरॉल मिसळलं. काच मऊ झाली, आणि प्रथिन जास्त टिकलं. ग्लिसरॉलनं बारीक फटी भरल्या होत्या आणि त्या फटींमधली, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहून लहान काळातली थरथर कमी केली होती. २०१२ साली त्यांनी दाखवलं की न्यूट्रॉननं मोजलेल्या या थरथरीवरून प्रथिन महिन्यांच्या हिशोबात किती वेगानं बिघडेल याचा अंदाज बांधता येतो. अब्जाव्या सेकंदाची थरथर आणि कपाटातली दोन पावसाळ्यांची मुदत यांचं नातं इतकं सरळ निघेल असं मला वाचण्याआधी वाटलं नव्हतं.

रात्री शेतातून साप चावलेल्या कुणाला तरी दवाखान्यात आणलं जातं. सिस्टर बाटलीत १० मिलिलीटर शुद्ध पाणी सोडते आणि बाटली दोन तळव्यांत धरून हळू फिरवते. घाई असते, बाहेर माणसं उभी असतात, तरी ती बाटली खळाखळा हलवत नाही. हलवली तर फेस येतो, आणि फेसाच्या प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, जिथं पाणी हवेला भिडतं, तिथं प्रतिपिंडांचा तेलकट आतला भाग हवेकडं वळतो आणि घडी सुटते. चूर्ण विरघळायला काही मिनिटं लागतात. ती फिरवत राहते, बाटली उजेडासमोर धरते, गाठ दिसत नाही ना ते पाहते, आणि मग सुई उचलते.